पुरणाचा हात

डोळे मिटा आणि तुमच्या आत बसलेल्या लहान मुलीला भेटा, असं सांगणाऱ्या बाईंचा मला पहिल्या पाच मिनिटांतच राग आला होता. यवतमाळला आम्हा शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. उन्हाळा, पत्र्याचं सभागृह, पाणी संपलेला कूलर नुसता खडखडत होता. आणि पुण्याहून आलेल्या या बाई मऊ आवाजात सांगत होत्या की माणसाचं खरं रूप त्याच्या बालपणात असतं, नंतर चढवतो ते सगळे मुखवटे.

सगळ्यांनी डोळे मिटले आणि दहा मिनिटांत रडारड सुरू झाली. माझ्या शेजारी गणिताचे एक सर होते. आयुष्यभर त्यांनी पोरांच्या बोटांवर पट्टीची धार मारली. त्यांनाही आत एक घाबरलेलं लेकरू सापडलं आणि ते रुमालात तोंड घालून हुंदके देऊ लागले. मी मनात म्हटलं, सापडायचंच. सगळ्यांना आपलं लेकरू मार खाणारंच सापडतं. मारणारं कुणाला सापडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

मला जी भेटली ती रडत नव्हती. दहा वर्षांची, तेलानं चोपडलेल्या दोन वेण्या, एका घराच्या दारासमोर उभी राहून ती घसा फाडून ओरडत होती. भोवतीचे लोक हसत होते आणि ती भलतीच खूश होती. घर माझंच होतं. मी घाईनं डोळे उघडले.

ती कोण होती हे सांगायचं तर आधी माझ्या जिभेबद्दल सांगावं लागेल. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मराठी शिकवते, त्याला पंचवीसच्या वर वर्षं झाली. आमच्या तालुक्यात कुणाचा निरोप समारंभ असला की भाषणाला मला बोलावतात, कारण मी हसवते. ज्याला निरोप द्यायचा त्याच्यावरच हसवते. त्याचं चालणं, त्याचा डबा, त्याची बायको. तोही हसतो, हसण्यावाचून त्याला इलाज नसतो. एकदा एका नव्या शिक्षिकेला मी असं नाव ठेवलं की दोन वर्षांनी तिनं बदली मागून घेतली. जाताना तिनं मला पेढा दिला नाही, बाकी सगळ्या स्टाफला दिला. मी त्याचाही विनोद केला.

ही जीभ मला लहानपणीच फुटली. आमचं गाव बाभुळगाव तालुक्यातलं, काळ्या मातीचं, दीडशे-दोनशे उंबऱ्यांचं. पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या उभ्या करतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं मारबत काढतात. तुराट्यांना जुनं पोतं गुंडाळायचं, वरून लुगड्याची चिंधी नेसवायची, फुटक्या गाडग्याचं तोंड लावायचं, की झाली मारबत. ती गावभर फिरवायची आणि शिवेबाहेर नेऊन जाळायची. वाटेत प्रत्येक दारासमोर थांबायचं आणि त्या घरची पीडा तिच्या गळ्यात घालायची. खासी खोकला, घेऊन जा गे मारबत. ढेकूण पिसवा, घेऊन जा गे मारबत. मग घरातल्या बाईनं मेढा उपटून मारबतीवर टाकायचा आणि मागं न बघता आत जायचं. मेढा पडला की पीडा गेली. मेढा पडल्याशिवाय मारबत दारासमोरून हलायची नाही, असा आमच्या गावचा दंडक होता.

मारबतीबरोबर पोरी जात नसत. मला नेलं ते शब्दाला शब्दाची जोड लावता येई म्हणून. नुसत्या ढेकूण-पिसवांचा पोरांना कंटाळा आला होता, मी घराघराप्रमाणे ओळी केल्या. ज्यांच्याकडचं ताक पातळ असे त्यांच्या दारात म्हटलं, "तीन घागरी पाणी, एक वाटी ताक". मागून सगळ्यांनी उचललं, घेऊन जा गे मारबत. गुरुजींच्या दारात म्हटलं, "तंबाखूचा बार, पोरायले मार". गुरुजी स्वतः हसले आणि त्यांच्या बायकोनं तर मेढा असा जोरात फेकला की गाडग्याचा काठ फुटला. दोन वर्षं मी हे केलं. मोठी माणसं ओसरीवर येऊन वाट पाहत बसू लागली, या वर्षी कुणाची निघते म्हणून. दहा वर्षांच्या पोरीला गाव घाबरतं, यापेक्षा जास्त सुख मला पुढच्या आयुष्यात कशानंही दिलेलं नाही. लग्नानंही नाही आणि लेकरानंही नाही.

आत्या तेव्हा आमच्याकडेच होती. बाबांची धाकटी बहीण. तिला पुसदकडे दिली होती. सहा वर्षांत मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला एका दुपारी आमच्या फाट्यावर एसटीतून उतरवून दिलं. तो स्वतः उतरला नाही, त्याच गाडीनं पुढं गेला. तेव्हापासून ती आमच्याकडे राबत होती. सडा, पाणी, निंदण, वेचणी, गुरांचं शेण. दुपारी माझं डोकं मांडीवर घेऊन उवा काढायची. मला तिचा लळा होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मला ती आवडत नव्हती म्हणून मी तसं केलं, असं कुणी समजू नये. ती मला आवडत होती आणि तरी केलं.

त्या वर्षी मारबत आमच्या गल्लीत आली तेव्हा पोरांनी मला पुढं ढकललं. "आता तुह्या घरचं म्हण. का तुमच्या घरी पीडाच नाई?" समोर बाबा बैलाच्या शिंगांवरचा रंग पुसत बसले होते. आत्या दारात उभी होती, कारण मेढा टाकायचं काम त्या वर्षी तिच्याकडे होतं, आई आत पोळ्या लाटत होती. ओळ माझ्याकडे तयार होती. मी म्हटली:

"नवऱ्यानं टाकली, भावानं राखली."

पोरांनी आधी बाबांकडे पाहिलं. मग बाबा हसले. ते हसले म्हणून सगळे हसले, आणि पोरांनी एका दमात उचललं, घेऊन जा गे मारबत. दोनदा, तीनदा, दहादा. मेढा पडल्याशिवाय मारबत हलत नव्हती. शेवटी आत्यानं मेढा उपटला, तो टाकला आणि मागं न बघता आत गेली. रीत तिनं बरोबर पाळली. गणपती बसायच्या आत तिनं कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि पुसदच्या गाडीत बसून नवऱ्याकडे परत गेली, सवतीच्या घरात. कुणी नेऊन सोडलं नाही आणि कुणी आणायलाही आलं नव्हतं.

ही झाली गोष्ट. आता यात मी कुठे आहे, ते सांगते. म्हणजे चाळीस वर्षं मी ते कसं सांगत आले, ते.

मी असं सांगत आले की ते शब्द माझे नव्हते, आईचे होते. आई चुलीपाशी पुटपुटायची, मी ऐकायची. लेकरू पोपटासारखं, घरात ऐकलेलं बाहेर बोललं. आडात असेल तेच पोहऱ्यात येणार. नणंद घरात बसलेली कोणत्या बाईला आवडते? पुरावा म्हणून माझ्याजवळ एक आठवण होती, आणि ती इतकी लख्ख की कोर्टात चालली असती. मी ओळ म्हटल्यावर आई आतून धावत आली. तिच्या हाताला पुरण लागलं होतं. तो हात तिनं माझ्या तोंडाशी आणला आणि माझं तोंड गोड झालं. वेलचीचा वास, कोमट पुरण, अजून जिभेवर आहे. म्हणजे बक्षीसच की. जे तिला बोलता येत नव्हतं ते मी बोलले, आणि तिनं मला घास भरवला.

या आठवणीच्या जोरावर मी आईशी कशी वागले, तेही सांगायला हवं. बाबा गेल्यावर शेवटची चार वर्षं ती यवतमाळला माझ्याकडे होती. मी तिला उपाशी ठेवलं नाही, औषधं वेळेवर दिली. हात कधी उगारला नाही. मला हाताची गरजच नव्हती. ती म्हणाली, दूध जरा कोमट दे, की मी म्हणायची, "आत्याले विचारलं होतं का कोणी, कोमट पाहिजे का थंड?" तिला वरच्या खोलीत पंखा पुरत नव्हता, तर मी म्हणायची, सवतीच्या घरी पंखाही नसतो. एका पोळ्याला ती म्हणाली, मला गावाकडे ने, एकदा मेढे पाहू दे. मी म्हटलं, "नको जाऊ. या वर्षी तुहीच मारबत काढतीन." ती जराशी हसली. तिला माझ्या ओळी नेहमीच आवडायच्या, असं मला वाटायचं.

एकदाच मी सरळ बोलले. ती लसूण सोलत बसली होती. मी म्हटलं, "नवऱ्यानं टाकली, भावानं राखली, हे तुह्याच तोंडचं होतं. मी फक्त बाहेर नेलं." तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "असंन, बाई." आणि पुढची पाकळी घेतली. मी ते कबुलीजबाब म्हणून धरलं. माझी चाळीस वर्षांची केस मी त्या दिवशी जिंकले आणि संध्याकाळी आनंदात बेसनाची वडी केली.

तिची नखं मीच काढायची. उजव्या हाताच्या अंगठ्याखालच्या मांसल भागावर एक अर्धगोल डाग होता, चकचकीत, कातडी ओढल्यासारखी. मी एकदा विचारलं, हे काय गं. म्हणाली, जुनं आहे. मी समजले, चुलीचं भाजलं असेल. आमच्या गावच्या प्रत्येक बाईच्या हातावर असं काहीतरी असतं.

ती गेली तेव्हा तेराव्याला पुसदहून आत्या आली. ती आईच्या फोटोसमोर बसून इतकी रडली की मला नवल वाटलं, आणि मग मी चार बायकांसमोर मोठ्यानं म्हटलं, "पाहा, जिनं घराबाहेर काढलं तिच्यासाठी रडून राह्यली. याले म्हणतात मन." बायकांनी माना डोलावल्या. आत्यानं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहत राहिली. तिला एका कानानं ऐकू येत नाही, मला वाटलं तिला नीट कळलं नसेल.

तर प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी, आपल्याला सापडलेलं लेकरू सगळ्यांसमोर मांडायचं होतं. पहिल्या दिवशी मला दिसलेली खूश पोरगी मी काही मांडली नाही, तेवढी अक्कल मला आहे. मी आईची गोष्ट सांगितली. चुलीपाशी पुटपुटणारी कडवट आई, तिचं विष नकळत बाहेर नेणारं निष्पाप लेकरू, आणि बक्षीस म्हणून भरवलेला पुरणाचा घास. चांगली सांगितली. बोलायला मला येतंच. गणिताचे सर पुन्हा रडले. पुण्याच्या बाईंनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, ते शब्द तुमचे नव्हतेच. ते ओझं आता खाली ठेवा." सभागृहात टाळ्या झाल्या.

आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं. ज्या बाईचा तीन दिवस राग केला तिच्या त्या एका वाक्यानं मला असं हलकं वाटलं की ते आणखी एकीच्या तोंडून ऐकावं, असा मला मोह झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांना काय माहीत होतं? माफी द्यायचा हक्क ज्या बाईला होता, ती पुसदला होती. तिनं एकदा म्हणावं, तुझं काही नव्हतं गं, तू लेकरू होतीस. मग माझ्या आतली ती ओरडणारी पोरगी मी नाहीच, असं मला शेवटपर्यंत मानता आलं असतं. रविवारी सकाळी मी पुसदच्या गाडीत बसले.

आत्या आणि तिची सवत गावाच्या टोकाला पत्र्याच्या दोन खोल्यांत राहतात. नवरा मरून बरीच वर्षं झाली. सवतीची पोरं आत्यानंच मोठी केली, ती आता कामाधंद्यानं बाहेर आहेत, आणि या दोघी उरल्या आहेत. मी गेले तेव्हा दोघी समोरासमोर सुपं घेऊन तुरीची डाळ निवडत होत्या. मी आत्याच्या डाव्या बाजूला बसायला गेले तर सवत म्हणाली, "इकून बसा. तो कान आम्हा दोघीच्या नवऱ्यानं नेला." आणि दोघी हसल्या.

मी आधी इकडचं तिकडचं बोलले. मग म्हटलं, "आत्या, मले एक विचाराचं आहे. मारबतीचं."

"ईचार," ती म्हणाली. कोणती मारबत, असं तिनं विचारलं नाही.

मी माझं सगळं म्हणून दाखवलं. सभागृहात सांगितलं होतं त्याच क्रमानं, फक्त वऱ्हाडीत. "ते मायचे शब्द होते, आत्या. चुलीपाशी म्हणे ती. मी लहान होती, मले काय कळे? ऐकलं ते म्हटलं. तिनं मग मले पुरणाचा घास भरवला. मले तर तवा समजलंही नाई."

आत्याचे हात थांबले. "तुही माय म्हणे? तू ऐकलं?"

"ऐकलंच असंन. नाई तं माह्या डोक्यात कोठून येईन?"

"ते मी सांगतो तुले कोठून आलं," ती म्हणाली. आमच्याकडच्या जुन्या बायका अशाच बोलतात, पुरुषासारखं, मी सांगतो, मी करतो. "पोळ्याच्या दिवशी दुपारी तू माह्या मांडीवर डोकं ठेवून पडलती. मी तुह्या उवा काढत होतो. तू मले ईचारलं, आत्या, 'टाकली'ले काय जुळते? मी म्हटलं, झाकली, चाखली, राखली. तू म्हटलं, राखली बरं आहे. मले वाटलं, शाळेतलं काई असंन."

सवतीनं सूप खाली ठेवलं. मला वाटतं, ही गोष्ट तिला माहीत नव्हती.

मला मात्र त्या क्षणी आठवलं. आठवलं म्हणजे काय, ते कायम तिथंच होतं, मी त्यावर आईला बसवून ठेवलं होतं. मांडीचा घामट वास, फणीचे दात, वर आत्याची हनुवटी. मी मनात तिन्ही शब्द लावून पाहिले होते आणि राखली चपखल बसली होती. राखली या शब्दाला आमच्याकडे ठेवलेल्या बाईचाही वास आहे, हे दहाव्या वर्षी मला कळत होतं का? बहुतेक कळत होतं. म्हणूनच ती बरी वाटली.

मी हट्टानं म्हटलं, "मग मायनं पुरण काहून भरवलं मले?"

"भरवलं?" आत्या म्हणाली. "बाई, तोंड दाबलं तिनं तुहं. तू पयल्यांदा म्हटलं अन् ती पोळपाटावरून उठून तशीच धावली. पुरणाच्या हातानं तुहं तोंड दाबलं का तू पुन्हा म्हणू नये. तू चावली तिले. अशी चावली का रगत आलं. तरी तिनं हात काहाडला नाई. मंग तुह्या बाबानं तुले सोडवलं. म्हणे, लेकरू आहे, म्हणू दे, सणाचा दिस आहे. तिचा हात महिनाभर पिकला होता म्हणे, मी गेलो तवा चिंधी बांधेल होती. डाग नोता का तिच्या हातावर? तूच त नखं काढे तिचे."

अंगठ्याखालचा तो अर्धगोल मी चार वर्षं माझ्या तळहातावर धरत होते. त्यात माझ्या दातांची ओळ होती आणि मला चूल दिसत होती.

"मी जाऊ नये म्हणून तुही मायच रडली," आत्या म्हणाली. "दुसरं कोणी नाई रडलं. फाट्यावरोक आली, गाठोडं हिसकून राह्यली. एक हात बांधेल, एका हातानं किती ओढन?"

"मग ती मले बोल्ली काहून नाई? मी तिले किती बोल्ली, आत्या. चार वर्षं बोल्ली. तिनं एकदा तरी म्हणावं ना, का मी नोती."

"मले माहीत आहे तू काय काय बोल्ली. फोनवर सांगे ती मले. मी म्हटलं, सांगून द्या ना तिले, वयनी. त म्हणे, बाई, पोरगी माह्यावर घालते, घालू द्या. तिले कोणावर तरी घालाच लागते." आत्यानं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "तेराव्यालेही तू बोल्ली. मी ऐकलं. इकडच्या कानानं ऐकलं मी."

एवढं झाल्यावर कोणी शहाणं माणूस उठून गेलं असतं. पण मी ज्यासाठी आले होते ते मला अजून मिळालं नव्हतं, आणि माझ्यासारख्या माणसाची भूक अशा वेळीही मरत नाही. मी विचारलं, "मग तू माह्यामुळे गेली का?" नाही म्हणेल, असं मला वाटलं. म्हातारी बाई, समोर रडकुंडीला आलेली भाची, कुणीही नाहीच म्हटलं असतं.

"हो," आत्या म्हणाली. "तुह्यामुळेच गेलो. दुसरं काय होतं? खायले होतं, तुही माय जीव लावे. दादा हसला नसता त राह्यलोही असतो. पण दादाले हसवलं कोणं?" तिनं डाळीतला एक खडा उचलून बाजूला टाकला. "अन् येथी आल्यावर पयल्याच महिन्यात कान गेला. ते तुह्यावर नाई घालत मी. ते त्याचं होतं."

मग ती उठली आणि म्हणाली, "जेवून जाजो. भाकर टाकतो." तिनं भाकरी टाकली, सवतीनं वांग्याची भाजी वाढली, मी दोन भाकरी खाल्ल्या. यात माफी वगैरे काही नव्हती. दुपार झाली होती आणि आलेल्या माणसाला त्या घरातून उपाशी पाठवत नाहीत, एवढंच. निघताना मी पाया पडले. तिनं "सुखी राह्य" म्हटलं, जसं कुणालाही म्हणतात.

परतीच्या गाडीत दिग्रसपर्यंत मी खिडकीशी बसून एकच काम करत होते. त्या आठवणीत आईचा हात बरोबर जागी ठेवून पाहत होते. ती धावत येते, हात माझ्या तोंडावर दाबते, मी चावते. मागं पोरं ओरडताहेत, बाबा हसताहेत, आत्या मेढ्याला हात घालून उभी आहे. सगळं आता नीट दिसतं. कोण कुठं उभं होतं, कोण काय करत होतं, यात मला आता कसलीही शंका नाही. त्या पुण्याच्या बाईंना हवं होतं तसं माझं खरं रूप मला अगदी स्पष्ट सापडलं आहे, मुखवटा नाही, काही नाही.

रक्ताची चव आठवते का, तेही पाहिलं. आली असणारच, महिनाभर पिकण्याइतकी जखम होती ती. पण कितीही वेळा पाहिलं तरी माझ्या जिभेवर रक्त येत नाही. मी आईचा हात चावते आणि मला पुरणच लागतं, वेलची घातलेलं, कोमट आणि गोड.